दादींच्या मुठीतली नानखटाई

रमजानचे शेवटचे दहा दिवस लागले की घराघरात एकच प्रश्न असतो, ‘भट्टीवर कधी जायचे?’ घरून मैदा, साखर, तूप न्यायचे, बेकरीवाल्याकडून नानखटाई करून घ्यायची आणि गरम गरम डब्यात भरून आणायची, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. पण ईद जवळ आली की तिथे नंबर लागत नाही. म्हणून आम्ही भातकुलीत आता ती घरीच भाजतो.

‘नान’ म्हणजे फारसीत रोटी. नानखटाईचे गाव मात्र सुरत. तिथे डच व्यापाऱ्यांची वखार होती. त्यांच्यासाठी पाव भाजणारे दोटीवाला हे पारशी कारागीर. डच गेल्यावर गिऱ्हाईक घटले आणि पावाचा धंदा बिस्किटांकडे, नानखटाईकडे वळला, असे सांगतात. त्या काळी पाव फुगवायला ताडी वापरत. नानखटाईत ना ताडी, ना अंडे. त्यामुळे ती सगळ्यांच्याच घरात गेली.

आमचा तालुका पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातला. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, चहाचीही चव बदलते. नानखटाईत पाण्याचा थेंब लागत नाही, आणि त्यामुळेच ती टिकतेही. बेसनाचा हरभरा तर याच मातीतला.

साहित्य: मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, साजूक तूप १५० ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, बेकिंग पावडर पाव चमचा, वेलचीपूड, चिमूटभर मीठ. यात साधारण २४ नग होतात.

कृती: तूप थिजलेले हवे. आपल्या उन्हाळ्यात ते तेलासारखे वाहते, म्हणून आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावे. तूप आणि साखर हाताने पांढरी, हलकी होईपर्यंत फेसावी. या फेसात हवा अडकते आणि तीच नानखटाईला खुसखुशीत करते. मग पिठे चाळून घालावीत आणि फक्त गोळा करावा. कणकेसारखे मळू नये, नाहीतर ती चिवट होते. लिंबाएवढे गोळे जरा दाबून, अंतर ठेवून ताटलीत मांडावेत.

ओव्हन नसला तरी अडत नाही. जाडबुडाच्या पातेल्यात मिठाचा थर पसरून त्यावर तिवई ठेवावी. झाकण लावून दहा मिनिटे तापवावे. मग ताटली आत ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटे भाजावे. वरून चिरा पडल्या, कडा बदामी झाल्या की काढावी. गरम असताना ती मऊच लागते, म्हणून आणखी भाजू नये. गार झाली की कडक होते.

तुपाऐवजी वनस्पती स्वस्त पडते. पण वनस्पतीतले ट्रान्स फॅट हृदयाला घातक असते. सरकारने जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल व वनस्पतीत त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे. तूप परवडत नसेल तर नग कमी करावेत, पण तूप बदलू नये, असे आम्हाला वाटते.

वर दिलेले ग्रॅम आमच्या दादींना ठाऊक नव्हते. त्यांचे माप एकच: ‘मुठीत दाबले तर गोळा व्हावा, सोडला तर फुटू नये.’ दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्यासमोर वजनकाटा मांडला. त्या हाताने जिन्नस घ्यायच्या, आम्ही तोलून वहीत लिहायचो. तीन वेळा तोलले. फरक आला तो जेमतेम पाच-दहा ग्रॅमचा. ‘माझ्या हातावर तुमचा विश्वास नाही का?’ म्हणून त्या थोड्या रुसल्याही. आज त्यांच्या हाताला कंप आहे, मूठ नीट मिटत नाही. त्या वहीवरून आता घरातल्या मुली नानखटाई करतात, आणि एक मुलगी तर ते पान उतरवून सासरी घेऊन गेली.

आपल्या घरातही असा एखादा हात असेल. शिरखुर्म्याचा असेल, लोणच्याचा असेल. या ईदची तयारी सुरू करताना त्यांच्याजवळ बसा, तोला आणि तारीख घालून लिहून ठेवा.

दादींना साखरेचा आजार आहे. त्यांच्या वाट्याला एकच नानखटाई येते, पण ती पहिल्या ताटलीतली असते. त्यांनी मान हलवली की मगच शेजाऱ्यांच्या ताटल्या भरल्या जातात.