पूरक, पण कशाला?



आवणीच्या दिवसांत मुळशीतल्या एका वाडीवर गटाची बैठक होती. सातवा महिना लागलेली एक मैत्रीण खाचरातून थेट बैठकीला आली. पिशवीतून तिनं प्रोटीन पावडरचा डबा काढला. नवऱ्यानं उसनवारी करून आणलेला. "ताई, हा पूरक आहार म्हणे. घेऊ ना?" मी विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?" "चहा आन् कालची भाकर." अंगणवाडीतून मिळालेली पाकिटं साऱ्या घरानं मिळून खाल्ली होती.

'पूरक आहार' हा एकच शब्द आपण तीन गोष्टींना वापरतो. सहा महिन्यांनंतर बाळाला आईच्या दुधासोबत देतो ती पेज, तो वरणभात. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडीत मिळणारा आहार. आणि दुकानातल्या गोळ्या, पावडरी. पहिली बाळाची गरज आहे. दुसरा आपला हक्क आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे गरोदर आणि स्तनदा बाईला रोज ६०० उष्मांक व १८ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत, तीही घरच्या जेवणाशिवाय जास्तीची. तिसरा मात्र विकायचा माल आहे. कायदा त्याला अन्न मानतो, औषध नाही. 'औषधी उपयोगासाठी नाही' असं डब्यावर छापावंच लागतं. पण ते बहुधा बारीक इंग्रजीत असतं आणि बाळाचं गोंडस चित्र मोठं.

याचा अर्थ सगळ्याच गोळ्या फेकून द्या असा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या गरोदरपणात घ्यायलाच हव्यात, फक्त चहाबरोबर नकोत. चहामुळे लोह अंगी लागत नाही.

पण पूरक म्हणजे असलेल्यात भर. मुळात ताटच रिकामं असेल तर भर कशात घालायची? बाई सर्वांच्या मागून जेवते, उरलंसुरलं खाते. तिची भूक हा घराचा आणि सरकारचा प्रश्न. डबा आला की तो एकट्या तिच्या अंगावर येतो: पावडर घेतली नाहीस, म्हणून अशक्त राहिलीस!

त्या मैत्रिणीच्या सासूबाई पुढच्या बैठकीला आल्या. म्हणाल्या, "आता तिला पहिल्या पंगतीला बसवते." बरं वाटलं. पण सासूच्या चांगुलपणावर सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही. २०१५ पासून राज्याच्या अनुसूचित क्षेत्रात अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतच एक वेळचं शिजवलेलं, चौरस जेवण देण्याची सोय झाली. समोर वाढलेलं ताट घरात वाटलं जात नाही. मुळशी त्या क्षेत्रात येत नाही. पण इथल्या कातकरी वाड्यांवरची बाई काय कमी राबते? हे जेवण तिलाही मिळालं पाहिजे, अशी मागणी ग्रामसभेत ठरावानं करूया.

तुमच्या गटात एवढंच विचारा: काल आपल्यापैकी कोण सर्वांत शेवटी जेवलं, आणि तेव्हा भांड्यात काय उरलं होतं? उत्तरं आम्हाला जरूर कळवा.