संसारांतील गणित : खोदलेल्या मातीचा हिशेब

घर बांधावयाचें, विहीर खणावयाची किंवा शेतांत तळें काढावयाचें ठरलें, म्हणजे घरांतील वडील मंडळी मुहूर्ताची आणि सिमेंट-वाळूच्या भावाची चौकशी बारकाईनें करतात; परंतु जमिनींतून माती किती निघणार हा प्रश्न बहुधा कंत्राटदाराच्या शब्दावर सोडून दिला जातो. खोदाईचा पैसा घनमापावर द्यावयाचा असतो, आणि घनमाप नुसत्या डोळ्यांस कळत नाहीं. म्हणून या महिन्यांत हाच विषय वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

सोलापुरास हा विषय परका नाहीं. श्रीसिद्धरामेश्वरांनीं बाराव्या शतकांत लोकांच्या हातून येथील तलाव खणविला अशी परंपरा आहे. त्याच शतकांत, ११५० सालीं, भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’ रचली आणि तींत ‘खातव्यवहार’ म्हणून खोदाईच्या गणिताचें एक स्वतंत्र प्रकरण घातलें. त्यांतील एक उदाहरण असें आहे : वापीचें तोंड १२ हात लांब व १० हात रुंद, तळ त्याच्या निम्मा, आणि खोली ७ हात, तर खात किती? तोंडाचें क्षेत्रफळ १२०; तळाचें ३०; आणि दोन्ही लांब्यांची बेरीज १८ व दोन्ही रुंद्यांची बेरीज १५, यांचा गुणाकार २७०. तिन्ही मिळून ४२०. त्यास ६ नें भागून ७० येतात, व ते खोलीनें गुणले कीं ४९० घनहात हें उत्तर मिळतें. आजच्या स्थापत्यशास्त्रांत दोन टोकांचीं क्षेत्रफळें व मधल्या छेदाच्या क्षेत्रफळाची चौपट घेऊन जें सूत्र शिकवितात, तें अशा खड्ड्यापुरतें हेंच आहे. कामावर पुष्कळदां वापरतात ती सोपी रीत, म्हणजे तोंड व तळ यांची सरासरी काढून खोलीनें गुणणें, येथें ५२५ घनहात दाखविते. पस्तीस घनहातांचा हा फरक खोदणारा खोदीत नाहीं. तो कागदावरच उत्पन्न होतो.

आपल्याकडील शेततळ्याचें माप घ्या. तोंड ३० मीटर लांब व तितकेंच रुंद, खोली ३ मीटर, आणि कडा एकास एक उताराच्या. म्हणजे तळ २४ मीटरांचा. भास्कराचार्यांच्या रीतीनें २,१९६ घनमीटर माती निघते. सरासरीच्या रीतीनें २,२१४ येते. हा भेद किरकोळ आहे. पण उताराचा विचारच न करतां तीस गुणिले तीस गुणिले तीन असा हिशेब कोणी मांडला, तर २,७०० होतात. ५०४ घनमीटर, म्हणजे सुमारें १७८ ब्रास माती, जी कधीं निघालीच नाहीं, तिचे पैसे देण्याची वेळ येते.

आतां हें काम संगणकावर होतें. इलेक्ट्रॉनिक मोजणीयंत्रानें किंवा ड्रोननें जमिनीवरील शेंकडों बिंदूंची उंची टिपतात. त्या बिंदूंस जोडून संगणक त्रिकोणांचें जाळें विणतो. एक जाळें मूळ जमिनीचें, दुसरें खोदावयाच्या आकृतीचें. दोहोंच्या मधील पोकळी तो त्रिकोणी स्तंभांत विभागतो. प्रत्येक स्तंभाचा पाया गुणिले त्याच्या तीन उंच्यांची सरासरी, आणि अशा सर्वांची बेरीज. उंचसखल माळाचा हिशेब यायोगें क्षणांत होतो. परंतु जो बिंदू मोजला नाहीं, तेथील खळगा वा उंचवटा संगणकास ठाऊक नसतो. वरची काळी माती, खालचा मुरूम व त्याखालील खडक यांचे दर निरनिराळे. थर कोठें बदलतो हें सांगितल्यावांचून तो तीं मापें वेगळीं करूं शकत नाहीं.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. खोदलेली माती फुगते. साधी माती बहुधा चौथ्या-पांचव्या हिश्शानें वाढते. त्यामुळें खड्ड्याचे शंभर ब्रास गाडींत भरतांना सव्वाशेपर्यंत जातात. संगणकाचें माप सामान्यतः खड्ड्याचें असतें, गाडीचें नव्हे. दर कोणत्या ब्रासाचा, हें आरंभीं ठरलें नाहीं कीं शेवटीं तंटा होतो.

हा हिशेब केवळ मालकाच्या सोयीचा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. १८७६-७७ च्या दुष्काळांत सोलापूर जिल्हा होरपळला. १८७७ सालीं दुष्काळी कामावरील मजुरी घटवून ती दिवसास एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली, तेव्हां पुण्याच्या सार्वजनिक सभेनें सरकारकडे गाऱ्हाणें मांडलें. पुढें १८९९-१९०० च्या दुष्काळांतही, मुंबई इलाख्यांतील कामांवर खोदाईचें माप ठरल्यापेक्षां कमी भरलें कीं मजुरी कमी होई. उपाशी माणसाच्या दिवसाच्या भाकरीचा निकाल मोजपट्टीवर लागे. आजही पिढ्यान् पिढ्या मातीकाम करणाऱ्या वडार कुटुंबांचें व इतर श्रमिकांचें पोट त्याच मापावर आहे. माप चढलें तर मालक बुडतो, उतरलें तर मजूर; आणि मजुरास तें तपासून पाहण्याची सोय क्वचितच असते.

यास्तव आमची सूचना साधी आहे. कुदळ लागण्यापूर्वीं मूळ जमिनीची उंची मोजवून त्या कागदावर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्या. खोदतांना मध्यें मध्यें मातीचे खुंट न खणतां ठेवावे. अंतिम माप होईपर्यंत ते खोलीची साक्ष देतात. संगणकाचा आंकडा हातीं आला, कीं घरांतील शाळकरी मुलानें वा मुलीनें वरील रीतीनें तो एकदां पडताळून पाहावा. जमीन उंचसखल असेल तर दोन्ही आंकडे तंतोतंत जुळणार नाहींत. पण फरक मोठा दिसला तर त्याचें कारण विचारण्यास संकोच करूं नये. आणि माप मजुराच्या समक्ष घेऊन त्यास समजावून सांगावें, इतकें तरी प्रत्येक सुशिक्षित घरानें करावें.