आठ बाइटांचा हट्ट

रॅम स्वस्त झाली, आता बाइट कसले मोजायचे, असं म्हणणारे सॉफ्टवेअरवाले पुष्कळ भेटतात. त्यांना आज थोडा गुणाकार करायला लावतो.

तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स आणि 16 जीबी रॅम असेल, तर तुम्ही एकही प्रोग्राम उघडण्याआधी सुमारे 256 एमबी कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, हिशेबासाठी बाजूला काढलेली असते. हिशेब कसला, तर त्याच रॅमचा. कर्नल मेमरीचे 4 केबीचे तुकडे पाडतो, त्यांना पेज म्हणतात. प्रत्येक पेजचा स्वतंत्र सातबारा असतो: ताबा कोणाचा, वापरणारे किती, कुठल्या फाइलचा मजकूर आहे, तो डिस्कवर लिहायचा राहिलाय का. (तलाठ्याकडे खेपा नाहीत, एवढंच.) या नोंदीला ‘स्ट्रक्ट पेज’ म्हणतात आणि 64-बिट यंत्रावर ती सहसा 64 बाइटांची असते. 4096 मागे 64, म्हणजे दीड टक्क्याहून किंचित जास्त. 1 टीबी रॅमच्या सर्व्हरवर नुसत्या नोंदी 16 जीबी खातात.

आता या नोंदीत कोणाला फक्त एक पॉइंटर घालायचा आहे. 8 बाइट. त्या सर्व्हरवर त्याची किंमत होते 2 जीबी. शिवाय 64 बाइट म्हणजे बहुतेक प्रोसेसरांची नेमकी एक कॅश लाइन, म्हणजे प्रोसेसर एका खेपेत उचलतो तेवढी मेमरी. 72 झाले की कित्येक नोंदी दोन लाइनींत विभागल्या जातात. म्हणून इथे नवं फील्ड मागणाऱ्याला सहसा नकारच मिळतो. पेज फाइलचं असेल तर त्याच बाइटांचा अर्थ एक, कर्नलच्या स्वतःच्या कामाचं असेल तर दुसराच, असं भागवलं जातं. कोड वाचणाऱ्याचं डोकं फिरतं, पण मला हा हट्ट योग्यच वाटतो.

कारण हट्ट सोडला तर काय होतं, हे 32-बिटच्या काळात दिसलं आहे. प्रोसेसरमधल्या पीएई नावाच्या सोयीने तेव्हा 64 जीबीपर्यंत रॅम लावता यायची, पण कर्नलला कायम थेट हाताशी असलेला भाग सुमारे 896 एमबीचाच. नोंद 32 बाइटांची धरली तरी त्यातले 512 एमबी नोंदींतच जात. त्यात कर्नलच्या 2.5 मालिकेत एक भर पडली: एखादं पेज कोणकोणत्या प्रोसेसच्या नकाशात आहे, याची साखळी ठेवायची. कल्पना उत्तम होती, पण साखळ्यांनी उरलीसुरली जागाही खायला घेतली. शेवटी 2004 मध्ये त्या काढल्या आणि हीच माहिती लागेल तेव्हा इतर नोंदींवरून शोधायचं ठरलं. शोधायला वेळ जास्त जातो, पण जागा पुष्कळ वाचते.

मोठ्या पेजांची गंमत वेगळीच. 2 एमबीचं एक पेज घेतलं तरी उतारे 512. मालक एक, मजकूर जवळपास सारखा, आणि जागा 32 केबी, म्हणजे आठ लहान पेजं निव्वळ नकलांची. बाइटडान्समधल्या मुचुन साँग यांची युक्ती 2021 मध्ये 5.14 आवृत्तीत आली: या नकलांचे पत्ते एकाच पेजकडे वळवायचे आणि बाकीची पेजं मोकळी करायची. आता आठांपैकी सात परत मिळतात. 1 जीबीच्या पेजमागे तर जवळजवळ 16 एमबी.

मग मुळातलं पेजच मोठं का करू नये? अँड्रॉइड 15 ने 16 केबीच्या पेजांना वाट दिली आहे. नोंदी चौथाईवर येतात हे खरं, पण रॅममध्ये आलेली 1 केबीची फाइलही मग 16 केबी अडवते. नोंदवहीतली नासाडी पेजच्या पोटात गेली, इतकंच.

कर्नलवर काम करणारे मॅथ्यू विलकॉक्स यांचा मार्ग मला अधिक पटतो. पेजांच्या गटाला मिळून एकच नोंद, तिचं नाव फोलिओ. आणि पुढे प्रत्येक पेजमागे 64 ऐवजी फक्त 8 बाइट उरावेत, हे उद्दिष्ट. मात्र त्यासाठी जुन्या नोंदीवर विसंबलेला कोड एकेका फाइल सिस्टिममध्ये शिरून बदलावा लागतो. फोलिओ जानेवारी 2022 मध्ये 5.16 आवृत्तीतून आले. 8 बाइटांचा पल्ला अजून गाठायचाच आहे.