दैवाच्या माथी किती मारणार?

करोनाच्या साथीत जे गेले त्यांचे आयुष्यच सरले होते, असे आमच्या देवळांच्या सभामंडपांत अजून ऐकू येते. हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. मार्च २०२० मध्ये साथ दारात आली तेव्हा गोव्यात तपासणीची सोय नव्हती. नमुने पुण्याला पाठवून निकालाची वाट पाहावी लागे. पुढे खाजगी तपासणीचा कमाल दर ४,५०० रुपये ठरला. रोजंदारीवर जगणाऱ्याने ते आणावे कोठून? त्याच वर्षी मे महिन्यात ५०,००० व्हेंटिलेटरांसाठी २,००० कोटी रुपये जाहीर झाले. परंतु नुसते यंत्र माणूस जगवीत नाही. त्यास प्राणवायू लागतो, जाणता हात लागतो. मे २०२१ मध्ये बांबोळीच्या इस्पितळात मध्यरात्रीनंतर प्राणवायूचा पुरवठा अडखळे आणि त्याच प्रहरी रुग्ण दगावत. प्राणवायूवाचून कोणी मरू नये, हे अखेर उच्च न्यायालयास बजावावे लागले. दैव काय घड्याळ पाहून येते? कर्मसिद्धान्त मानणाऱ्यांनी तरी जित्यांची हयगय मृतांच्या प्रारब्धावर ढकलू नये. देवापुढे गाऱ्हाणे अवश्य घालावे. हिशेब मात्र सरकारदरबारीच मागितला पाहिजे.