रिबीट गन घेताना आधी दांडा बघा, किंमत नंतर

टोमॅटोचे क्रेट भरून पिकअप मार्केटला निघाली अन् मागच्या मडगार्डचा पत्रा वाटेतच सुटून लोंबायला लागला. मागून मोटारसायकलवाला येत होता, थोडक्यात वाचला. तो पत्रा मीच घरी बसवला होता, एका हाताच्या स्वस्त रिबीट गननं.

चूक कुठं झाली सांगतो. पत्रा लोखंडी, रिबीट ४.८ मिमीचे लोखंडी. एका हातानं तेवढा जोर निघत नाही. खिळा तुटेना, गनचा जबडा घसरायला लागला. शेवटी पक्कडीनं पिरगाळून खिळे तोडले. आतला फुगवटा अर्धवटच धरला. खड्ड्यांत निघणारच होता तो.

माझं मत असं की, ३.२ मिमीच्या अॅल्युमिनियम रिबीटची किरकोळ कामं असतील तर एका हाताची गन चालते. गाडीच्या पत्र्याला लांब दांड्यांची, दोन्ही हातांनी दाबायचीच घ्या. जबडा सुटा मिळतो का, तेही दुकानदाराला विचारा.

भोक ४.८ च्या रिबीटला ४.९ चं पाडा. भोक ढिलं झालं तर भारी गनसुद्धा काही करत नाही. अन् लोखंडी पत्र्याला लोखंडीच रिबीट. चिखलपाण्यात अॅल्युमिनियम लवकर खातं.

चेसी, ट्रॉलीचा हुक, सीटबेल्ट इथं मात्र रिबीट लावूच नका. ते काम मेकॅनिकचं. आपली बचत दुसऱ्याच्या जिवावर नको.

तुमच्याकडं कोणती गन टिकली, खाली लिहा.