माकड मेलं तर कळवू. कळवल्यावर येणार कोण?

दोडामार्ग-सावंतवाडीतल्या बागायतदारांनो, मजूर भावा-बहिणींनो,

काजूचा हंगाम तोंडावर आला की दरवर्षी एकच उपदेश ऐकू येतो: जंगलात जाऊ नका. सांगणाऱ्याचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो. आपला पगार झाडाखाली पडलेल्या बीत असतो, आणि ती वेचायला पातेऱ्यात वाकावंच लागतं. नेमक्या त्याच दिवसांत पातेऱ्यात गोचिडीची पिल्लं असतात, खसखशीच्या दाण्याएवढी. चावली तरी कळत नाही.

त्यांच्या चाव्यातून माकडतापाचा विषाणू अंगात शिरतो. अचानक सणसणून ताप, असह्य डोकेदुखी, अंग मोडून येणं. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त. शंभरातले तीन ते पाच जण दगावतात. खास औषध नाही. जुनी लस पुरेशी लागू पडत नाही म्हणून थांबवली, नवीचं काम अजून चालू आहे.

हा रोग काही काल उपटलेला नाही. 1957 साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात माकडं मरून पडू लागली, पाठोपाठ माणसं आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याच वेळी विषाणू शोधून काढला. 2015 मध्ये तो गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात दिसला, 2016 मध्ये दोडामार्गात. तयारीला जवळजवळ साठ वर्षं मिळाली होती. तयारी कुठे दिसली?

गावात काही जण म्हणतात, माकडंच संपवा. एक तर ती आधीच बागेची नासधूस करतात, त्यामुळे हे बोलणं गोड वाटतं. पण विषाणू टिकून राहतो तो गोचिडीत आणि रानातल्या उंदीर-चिचुंद्र्यांत. माकड आपल्यासारखंच त्याला बळी पडतं, फक्त आपल्या आधी. त्याचं अंग थंड पडलं की गोचिडी उतरतात आणि आसपासच्या पाल्यात पसरतात. म्हणून मेलेलं माकड ही सूचना आहे. चौकशीचा ससेमिरा नको म्हणून ते ओढून व्हाळात टाकणारा स्वतःच्याच वाडीवर आजार ओढवतो. त्याला हात लावू नका. कळवा.

आणि कळवल्यावर? एक खातं म्हणतं प्राणी आमचा, ताप त्यांचा. दुसरं म्हणतं तपासणी आमची, मेलेलं जनावर त्यांचं. तोवर माकड कुजतं. नियम तर साधा आहे: माकड मेलं त्या जागेभोवती पन्नास मीटरपर्यंत मॅलेथिऑनची भुकटी मारायची आणि नमुना घेऊन माकड जाळायचं. एक माणूस, एक पोतं भुकटी, एक दिवस. एवढ्यासाठी दोन खात्यांची बैठक कशाला लागते?

रान तोडून काजू आणि रबर लावायला कुणी हात आखडता घेतला नाही, हेही बोलायला हवं. रान तुकड्यातुकड्यांत उरलं, त्याच्या कडेला गुरं चरतात, गुरांच्या रक्तावर मोठी गोचीड पोसते. मजुराने मात्र त्या कडेवर जाऊ नये म्हणे!

आमचं मागणं ताप आल्यानंतरचं नाही, आधीचं आहे. गोचिडी चावू नयेत म्हणून अंगाला लावायचं डेपा तेल नोव्हेंबर संपायच्या आत प्रत्येक वाडीत पोचलं पाहिजे. मार्चमध्ये आलेली बाटली फक्त फोटोच्या कामाची. माकड मेल्याचा निरोप घ्यायला तालुक्यात एकच जबाबदार माणूस नेमा आणि त्याचा नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवा. रक्ताच्या तपासणीचा निकाल रुग्णाला वेळेत कळवा. आजारी मजुराचा उपचार फुकट करा आणि बुडालेली मजुरी भरून द्या.

तोवर आपणही सांभाळू. बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पायजमा मोज्यात खोचा. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, साबणाने अंघोळ करा. हंगामात गोठ्यात अंथरायला रानातला पातेरा आणू नका. ताप आला तर दुकानातली वेदनाशामक गोळी घेऊन बसू नका, रक्तस्रावाचा धोका असतो. सरळ आरोग्य केंद्र गाठा आणि काजूच्या बागेत किंवा रानात गेला होतात हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. रुग्णाला वाळीत टाकू नका, हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत या मागण्या ठराव म्हणून मांडा. 'चर्चा झाली' एवढंच इतिवृत्तात येऊ देऊ नका. ठरावाची प्रत तहसील कचेरीत द्या आणि शिक्क्यानिशी पोच घ्या.