वाक्य त्याचे त्यालाच पूर्ण करू द्या

नगर रस्त्यावरचे वाघोली २०२१मध्ये पुणे महापालिकेत आले, पण त्याच्या बरेच आधीपासून ते विद्यार्थ्यांचे आणि खराडीतल्या आयटी कंपन्यांत जाणाऱ्यांचे गाव झाले होते. इथल्या तरुणांचे पुढचे बरेचसे आयुष्य तोंडी ठरते. आधी व्हायवा, मग ग्रुप डिस्कशन, मग कॅम्पस मुलाखत, आणि नोकरी लागली की रोज सकाळची मीटिंग. तोतरेपणा असलेल्या मुलामुलींची कोंडी नेमकी इथेच होते. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांनुसार साधारण पाच टक्के मुले लहानपणी काही काळ अडखळतात. त्यातली बहुतेक पुढे मोकळी बोलू लागतात, आणि मोठ्या माणसांत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उरते. म्हणजे हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात दहाएक जण, त्यांत मुलगे जास्त. हे दहा जण प्राध्यापकांच्या सहसा लक्षातही येत नाहीत, कारण ते वर्गात तोंडच उघडत नाहीत. त्यांना लवकर ‘बरे’ करण्याचा आग्रह धरण्यापेक्षा बोलायला लागेल तेवढा वेळ द्यावा, असे माझे म्हणणे आहे. ही मदत जास्त खात्रीची आहे आणि तिला खर्च जवळपास नाही.

तोतरेपणाचा जो भाग ऐकू येतो, त्याहून लपवलेला भाग पुष्कळदा मोठा असतो. ‘व’वर अडणारा मुलगा बसमध्ये कंडक्टरकडे वाघोलीचे तिकीट मागत नाही, केसनंद फाट्याचे मागतो, तिथे उतरतो आणि उलटा चालत येतो. हॉटेलात हवे ते न मागता उच्चारता येईल ते मागतो. उत्तर येत असूनही ‘माहीत नाही, सर’ म्हणतो, कारण ते तीन शब्द सुटतात. अवघड शब्दाऐवजी सोपा शब्द घालण्याची ही कसरत दिवसभर चालते, पण स्वतःच्या नावाला पर्याय नसतो. म्हणूनच मुलाखतीतला सर्वांत सोपा समजला जाणारा पहिला प्रश्न अशा उमेदवाराला सर्वांत अवघड जातो. समोरचा बहुतेकदा समजतो की हा घाबरला आहे, याची तयारी नाही.

आपल्याकडे उपाय सुरू होतो तो जिभेपासून. वेखंड उगाळून लाव, तोंडात गोटी धरून वाच, सावकाश बोल, आधी विचार कर. हे प्रेमापोटीच होते, पण रोख चुकतो. हाच मुलगा गणपतीच्या आरतीत सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून एकही अक्षर न अडता म्हणतो, आणि आरती संपल्यावर कुणी नाव विचारले की अडतो. गाताना किंवा समूहात बोलताना बहुतेकांचे अडखळणे जवळजवळ थांबते. जीभ जड असती तर असे झाले नसते. बोलण्याचा क्रम आणि वेळ जुळवणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेशी याचा संबंध आहे, आणि अनेक घरांत तोतरेपणा आनुवंशिक असतो. २०१०मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांना एका पाकिस्तानी कुटुंबाच्या अभ्यासातून याच्याशी निगडित जनुकीय बदल सापडला. तेव्हा आईवडिलांनी स्वतःला दोष देऊ नये. मात्र टोकण्याचा परिणाम काय होतो, हेही माहीत आहे. १९३९मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात २२ अनाथ मुलांवर एक प्रयोग झाला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम सांगत राहिले की तुम्ही अडखळता, चुकता. ती मुले तोतरी झाली नाहीत, पण त्यांतली अनेक बुजली आणि बोलणे टाळू लागली. विद्यापीठाने २००१मध्ये या प्रयोगाबद्दल माफी मागितली. आपल्या वर्गांत प्रकट वाचनाच्या वेळी हसू फुटते, ‘गोलमाल ३’मधले तोतरे पात्र आठवून नक्कल होते, तेव्हा तोच परिणाम कुणी प्रयोग न करताही घडत असतो.

यावर पहिला आक्षेप असा, की स्वीकाराची भाषा म्हणजे प्रयत्न सोडणे. वाचोपचार सोडा, असे मी म्हणत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाचे अडखळणे काही महिने टिकले तर वाट न पाहता वाचोपचार तज्ज्ञाकडे जावे. त्या वयात उपचारांचा गुण चांगला येतो. पुण्यात भारती विद्यापीठात आणि मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत या विषयाचे शिक्षण देणारे विभाग आहेत. पण विशी ओलांडलेल्या माणसाचे अडखळणे उपचाराने कमी होते, पुन्हा वाढते, आणि समूळ जाईल याची हमी कोणी प्रामाणिक तज्ज्ञ देत नाही. अशा माणसाने आयुष्य बरे होईपर्यंत थांबवून ठेवायचे का? २००८मध्ये डॉ. सत्येंद्र श्रीवास्तव यांनी सुरू केलेल्या द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनने याला चांगले उत्तर दिले आहे. तिच्या स्वमदत गटांत तोतरी माणसेच एकत्र येतात, एकमेकांचे न तोडता ऐकतात, आणि कधी जाणूनबुजून अडखळून दाखवतात. लपवण्याची धडपड सैल झाली की भीती उतरते आणि पुष्कळांचे बोलणेही सुकर होते. स्वीकार आणि सुधारणा इथे हातात हात घालून जातात.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा असतो. आम्हाला संवाद साधणारी माणसे हवीत, मग अडखळणाऱ्याला कसे घ्यावे? हा प्रश्न रास्त आहे, पण ओघ आणि संवाद यांची त्यात गल्लत होते. नेमके सांगणे, ऐकून घेणे, मुद्दा समजावणे या गोष्टी अडखळणाऱ्यालाही येतात, आणि धबधब्यासारखे बोलणाऱ्या अनेकांना येत नाहीत. इतरांवर अन्याय होईल ही शंकाही टिकत नाही. इथे गुण वाढवून मागितलेले नाहीत, प्रश्न सोपा करायला सांगितलेला नाही. त्याच प्रश्नाच्या उत्तराला चार-पाच मिनिटे जास्त, एवढीच मागणी आहे. लेखी परीक्षेत पात्र विद्यार्थ्यांना जादा वेळ आपण देतोच. अडचण अशी, की २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील वाचा व भाषा दिव्यांगतेच्या व्याख्येत स्वरयंत्र काढणे आणि वाचाघात यांची उदाहरणे आहेत, तोतरेपणाचे नाव नाही. अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. बहुतेक तोतरे तरुण या चौकटीबाहेर राहतात. कायदा बदलायला वेळ लागेल, पण परीक्षकाने पाच मिनिटे थांबायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

म्हणून वाघोलीतल्या प्राचार्यांना आणि खराडीतल्या भरती अधिकाऱ्यांना विनंती आहे. तोंडी परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या अर्जात ‘मला बोलायला जास्त वेळ लागतो’ असा एक रकाना ठेवा. हा रकाना जो भरेल त्याला प्रमाणपत्र मागू नका. आणि परीक्षकांना लेखी कळवा, की उमेदवार अडला तर त्याचा शब्द आपण पुरवायचा नाही, घड्याळाकडे पाहायचे नाही, त्याचे बोलणे संपेपर्यंत त्याच्याकडे पाहत ऐकायचे. पुढच्या सत्राच्या व्हायवापासून हे सुरू करता येईल.